यमुनाआक्काची ताजी बातमी

यमुनाआक्का कोथिंबिरीची जुडी द्यावी तशी बातमी द्यायची. सकाळी भाकरी उरकून थेट माझ्या ओट्यावर यायची. बसायची नाही. दाराला खांदा लावून म्हणायची, “बाई, घ्या. ताजी हाय.” मग एकेक बाहेर पडायची. कुणाची गाय व्याली, कुणाकडे कांद्याचं रोप शिल्लक आहे, दुपारची एस्टी आता मारुतीपाशीही थांबते. मी विचारायचे, “खरी का गं?” त्यावर ती म्हणायची, “खोटी असती तर इतकी बारकी आनली असती व्हय?”

हा धंदा तिच्या मागे कसा लागला ते सांगायचं तर आधी माझं शहाणपण सांगावं लागेल. आमचं गाव कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठावर. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावच्या वाचनालयाची वेबसाइट सांभाळायला घेतली. तेव्हा मी साठीची कोवळी पोर होते. टाइप करायचे दोन बोटांनी, आणि मिरवायचे अशी की इंटरनेट जणू मीच आडातून शेंदून वर काढलंय. त्यात एकदा मला सुचलं की पानाच्या उजव्या अंगाला एक चौकट हवी. आपण शेवटी लिहिलेल्या पाच गोष्टींची नावं तिच्यात आपोआप दिसावीत, सहावी आली की तळातली बाहेर पडावी, आणि कुठलंही पान उघडलं तरी चौकट शेजारी हजर. दिवसभर खपले. चौकट आधी डावीकडे गेली, मग पार तळाला, एकदा तर चौकटीत चौकट उगवली. संध्याकाळी ती जागेवर बसली. वर मी ‘गावातलं नवं’ असं नाव दिलं आणि गल्लीत पेढे वाटले. आक्काने पेढा तोंडात टाकून विचारलं, “म्हंजी नवं आलं की जुनं ढकललं जातं?” मी म्हटलं, “बरोब्बर!” शिकवायची खोड जात नाही.

त्याच आठवड्यात तिची अलका गेली. गेली म्हणजे लग्न करून गेली, नाशिकला, आपल्या पसंतीच्या मुलाशी. मुलगा दुसऱ्या जातीचा. आक्काचे मालक, आबा, वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांनी आरडाओरडा केला नाही. चौकात अलकाचा हार घातलेला फ्लेक्स लावला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. घाटावर जित्याजागत्या पोरीचा दहावा घातला. गाव जेवलं. आणि तोच फोटो, तोच मजकूर वेबसाइटवर चढवला. माझी चौकट आज्ञाधारक. तिने तो मजकूर उचलून सगळ्यांत वर ठेवला. ‘गावातलं नवं: कु. अलका हिचे दुःखद निधन.’ धान्याचे भाव बघा, ग्रंथांची यादी बघा, शेजारी अलका मेलेली.

दुसऱ्या दिवशी आक्का माझ्या दारात. दहाव्याच्या जेवणाची भांडी घासून हात पांढरेफटक पडले होते.

“बाई, ते काढा.”

“मला काढता येत नाही गं. अध्यक्षांनी चढवलेलं अध्यक्षच काढणार. मला फक्त नवं लिहिता येतं.”

ती म्हणाली, “ती बघत आसंल वो. फोन हाय तिच्याकडं. सोताला मेल्यालं बघत आसंल.” आणि जाताना वळून म्हणाली, “पाच लागतील ना? आनते.”

आणल्या की! गावभर फिरली. कुंभाराकडे माठ आले, अंगणवाडीला नवा रंग दिला, अमक्याचा नातू बसता झाला. मी दोन बोटांनी बडवत गेले. दिवस मावळायच्या आत अलका चौकटीच्या तळाशी आली आणि पाचव्या बातमीला बाहेर पडली. मी, प्रामाणिक मास्तरीण, लगेच म्हटलं, “पण आक्का, आतल्या पानांत ते राहणारच.”

“आत ऱ्हाऊ द्या. घरातबी लई कायकाय आत आसतं. दारात नको.”

आबा काही आंधळे नव्हते. माझ्या ओट्यापाशी येऊन म्हणाले, “बाई, गावातल्या गाया काय एकाच दिशी व्याल्या?”

“गायींना सांगू का आबा, अध्यक्षांना विचारून व्या म्हणून?”

ते हसले नाहीत. “माझी पोर मेलीय,” म्हणाले. त्यांच्या मागे आक्का दुधाची चरवी घेऊन उभी होती. तिने चरवी या हातातून त्या हातात घेतली, बस्स.

वर्ष झालं तशी आबांनी पुन्हा नोंद टाकली, ‘प्रथम पुण्यस्मरण’. पुढल्या वर्षी द्वितीय. दर वर्षी आक्का माझ्या दारात, दर वर्षी पाच बातम्या. आबांपुढे तिने कधी लेकीचं नाव घेतलं नाही. फोन करायला मी माझा मोबाईल पुढे केला तर हात मागे घ्यायची. “त्यांनी माझ्या गळ्याची आन घातलीय समद्यांना, पोरीशी बोलायचं न्हाई म्हून. बोलले तर ती तिकडं रडंल, मी हितं. त्यापरीस गाय व्याली म्हून लिवा. तिला कळतं, आई हिंडतीया.”

तिसऱ्या पुण्यस्मरणाला आक्का दवाखान्यात होती. पोटात गाठ, उशीर झालेला. सकाळी फोन आला. आवाज चाळणीतून आल्यासारखा. “बाई, टाकलं का त्यांनी?” टाकलं होतं. चार बातम्या तिने खाटेवरून गोळा केल्या, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गावातलं विचारून. पाचवी काही मिळेना. मी म्हटलं, “मी काहीतरी लिहिते गं, तू पड.”

“काहीतरी नको. लिवा, यमुनाबाई बऱ्या होऊन घरी आल्या.”

“आलीस कुठं तू?”

“लिवा तर.”

आयुष्यभर मी पोरांच्या निबंधातली खोटी वाक्यं लाल शाईने खोडली. ते वाक्य मात्र लिहिलं. अलका चौकटीतून बाहेर पडली.

आक्का त्यानंतर आठवडाभरात गेली. निरोप माझ्याकडे आधी आला, कारण तिच्या घरचे सगळे दवाखान्यात होते. मी वेबसाइट उघडली आणि लिहिलं. नाव, मातीची वेळ, आणि मग ते नेहमीचं वाक्य: त्यांच्या पश्चात पती, एक मुलगा, एक मुलगी, असा परिवार आहे. चौकटीत वर ‘यमुनाबाई यांचे निधन’, लगेच खाली ‘यमुनाबाई बऱ्या होऊन घरी आल्या’. मला वाचवेना. दुपारी आबांनी माझा मजकूर काढला आणि आपला टाकला. पती, एक मुलगा.

पण सकाळ ते दुपार पुरली होती. दहाव्याच्या दिवशी पहाटेच्या गाडीने अलका माझ्याकडे आली. तोंडाला ओढणी. भावाने पाय तोडीन म्हणून आधीच कळवलं होतं. आत येऊन तिने मोबाईल पुढे केला. माझ्या मजकुराचा फोटो काढून ठेवला होता.

“बाई, मला जित्त्यांत धरलंत.”

“तुझ्या आईने धरलं होतं. मी नुसती टाइपवाली.”

ती बसलीच नाही. आईसारखीच दाराला खांदा लावून उभी. मग मी पाण्याचा तांब्या घेऊन तिला गच्चीवर नेलं. माझं घर घाटाच्या वरच्या अंगाला आहे, खालचं सगळं दिसतं, ऐकूही येतं. भावाने पाणी दिलं, चुलते, पुतणे, सुना, सगळ्यांनी दिलं. गुरुजींनी पळी वर धरून विचारलं, “कुणी राहिलं का पाणी द्यायचं?”

आबांनी मान वर केली. माझ्या गच्चीकडे पाहिलं. अलकाने ओढणी खाली घेतली. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत होते, इतका की गुरुजींचा हात खाली आला.

“न्हाई,” आबा म्हणाले. “कुनी न्हाई ऱ्हायलं.”

अलकाने माझ्या हातातला तांब्या घेतला आणि कठड्यावरून नदीकडे तोंड करून ओतला. पाणी नदीपर्यंत कुठलं जातंय! माझ्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर पडलं. घाटावरची माणसं तोवर हातपाय धुऊन पंगतीकडे निघाली होती. आबा सगळ्यांच्या पुढे.