काठावरची रेती

आमचं घर गोंडपिपरीकडच्या एका गावात, तलावाला अगदी लागून. दर पावसाळ्यात लाटा परसाची माती खायच्या. शेवटी नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात ग्रामपंचायतीने नदीची रेती ट्रॅक्टरने आणून काठावर पसरली. आम्हाला फुकटात अंगण मिळालं. पण पोळा येईपर्यंत निम्मी रेती गायब!

माझे वडील वनरक्षक. रेतीला आपोआप पाय फुटत नाहीत, हे त्यांचं ठाम मत. त्यात शेजारच्या मिस्त्रीभाऊंचं घर नेमकं बांधायला निघालेलं. भिंती उभ्या, प्लास्टर बाकी. आणखी काय पुरावा हवा? याच मिस्त्रीभाऊंनी आमचा ओटा बांधून दिला होता, त्यांच्या घरचा शिरखुर्मा दर ईदला आमच्याकडे यायचा. पण संशय एकदा घरात शिरला की जुनं काही आठवत नाही.

वाघाची गणती करताना जंगलवाटेवर बारीक माती पसरतात, म्हणजे पंजा नीट उमटतो. वडिलांनी काठावर तेच केलं. संध्याकाळी झाडूने रेती सारखी करायची, सकाळी उकिडवं बसून पाहायची. बगळ्याचे पाय दिसत, कुत्र्याचे दिसत, माणसाचे नाहीत. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. वडील म्हणाले, "ठसे पुसून जाऊन राह्यला. पक्का आहे."

आई चिडली. "काऊन त्या माणसाच्या मागं लागले? तलावानंच नेली असन."

"तलाव कुठी नेईन? त्याले काय घर बांधायचं आहे?"

त्या ईदला शिरखुर्मा आला नाही. वडिलांनी त्याचाही अर्थ लावला. मला मात्र फार वाईट वाटलं.

उन्हाळ्यात पाणी मागे हटलं आणि काळ्या गाळावर आमची रेती उघडी पडली. लाटांनी ती काठावरून ओढून पाण्याखाली लांबवर अंथरली होती. लाटा तिच्यावरच मोडत असणार, म्हणून तर त्या साली परस वाचलं होतं.

वडील तडक शेजारी गेले, मागून मी. मिस्त्रीभाऊंच्या भिंतींच्या विटा अजून उघड्याच होत्या, ओलीने हिरव्या पडलेल्या.

"भाऊ, रेती सापडली," वडील म्हणाले. "पण तुमचं प्लास्टर काऊन राह्यलं?"

"पोळ्यानंतरचा पूरा पाऊस ओल्या भिंतीत काढला आमी," मिस्त्रीभाऊ म्हणाले. "माह्या दारात रेती पडली असती, तर तुमी ती कुठची म्हणाले असते?"