शेजारच्या टीव्हीवरचा चेंडू

माझ्या नवऱ्याचा हात शेजारणीच्या घरी बरा झाला. हे वाक्य मी कुणापुढे मोठ्याने बोलणार नाही, म्हणून इथे लिहिते.

तेव्हा आम्ही चिंचवडला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. हे एका कारखान्यात टर्नर होते, लेथ मशीनवर लोखंड कापायचे. काम करताना लोखंडाचा जड तुकडा मनगटावर पडला. प्लास्टर काढलं तेव्हा उजव्या हाताची बोटं वाळल्या शेंगेसारखी आखडलेली. कपसुद्धा धरता येईना. साहेबांनी सांगितलं होतं, "रजा संपली की हात दाखवायला ये. हँडल फिरवता आलं तर मशीन, नाहीतर गेटवर." गेटवर म्हणजे सुटलेल्या शिफ्टच्या पिशव्या तपासायच्या. यांना त्याची फार लाज वाटायची. जेवताना घास मध्येच थांबायचा.

डॉक्टर म्हणाले होते, बोटं हलवत राहा. मी तिळाचं तेल कोमट करून बसायची. कणकेचा गोळा पुढे करायची.

"मी काय बाई आहे कणीक मळायला?" म्हणून हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

शेजारच्या वहिनी पुण्याच्या, शिकलेल्या. त्यांचे यजमान सकाळीच ऑफिसला जायचे. घरी त्या आणि त्यांच्या सासूबाई. वहिनींच्या भावाने कुवेतहून व्हिडिओ गेमचा एक डबा आणला होता. तो टीव्हीला जोडला की पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि एक चौकोनी ठिपका यायचा. ठिपक्याला चेंडू म्हणायचं. दोघांच्या हातात रेडिओला असतं तसं एकेक गोल बटण. ते फिरवलं की आपली पट्टी वर-खाली व्हायची; तिने चेंडू अडवायचा.

एका दुपारी वहिनी दारातून म्हणाल्या, "भाऊजी, सासूबाईंना काही हे जमत नाही. मला जोडीदार हवाय, या ना. वहिनी, तुम्हीपण या."

"दूध ठेवलंय गॅसवर," मी म्हटलं. गॅसवर काही नव्हतं. मला कुणाच्या घरी जाऊन बसायचा संकोच वाटायचा.

हे मात्र गेले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत राहिले. त्यांचं दार सताड उघडं, सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. त्यात वावगं काही नव्हतं. वावगं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

"अहो भाऊजी, चेंडू वर आला की तुम्ही आधी खाली कशाला जाता? गेला ना!"

"सवय हो वहिनी. मशीनच्या हँडलला थोडी ढिलाई असते. सरळ पुढे नेलं तर माप चुकतं. म्हणून आधी मागे घ्यायचं, मग पुढे आणायचं."

"अगंबाई! मला वाटायचं नुसतं फिरवत बसायचं."

"नुसतं कसं? बोटांना कळावं लागतं."

आणि मग हे सांगतच सुटले. लोखंड कापताना आवाज कसा बदलतो, हत्यार बोथट झालं की कसं कळतं. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, मी यांचे तेलाचे कपडे धूत होते, पण मला यातलं एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा. हातातली ओली चादर मी इतकी पिळली की शिवण उसवली.

मग रोज दुपारी तेच. भिंतीपलीकडून टक टक आवाज आणि यांचं हसणं. माझ्या घरात हसू ऐकून किती दिवस झाले होते! नळावर एक बाई म्हणालीच, "काय गं, तुझ्या मालकांना शेजारी ड्यूटी लागली वाटतं? ओव्हरटाइम देतात का?" सगळ्या हसल्या. मी हंडा अर्धाच भरून निघाले.

आई चऱ्होलीहून मेथी घेऊन आली, तिला सांगितलं.

"हात सुधारतोय नव्हं?"

"हो."

"मग कुणाच्या का घरी सुधरंना! तुला हात पायजे का मान पायजे?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही कुनाला गावलंय, बाय!" आई म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

हात सुधारत होताच. अपघातापासून यांच्या शर्टाची बटणं मी लावत होते. तेवढा वेळ हे माझ्यासमोर गप्प उभे राहायचे. एका सकाळी मी पुढे झाले तर हे म्हणाले, "राहू दे, बघू." आणि एकेक करत सगळी बटणं स्वतः लावली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण रिकामे हात कुठे ठेवावे ते कळेना.

हात दाखवायला गेले त्या दिवशी मी देवापुढे बसून होते. दुपारी जिन्यात पावलं वाजली आणि शेजारच्या दाराशी थांबली. "वहिनी, मशीन मिळालं!" मग पेढ्यांच्या पुड्याचा कागद वाजला. मग आमचं दार.

"अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं. भिंतीतून."

यांना काही कळलं नाही. हे पेढा माझ्या तोंडाशी धरून हसत होते. उजव्याच हाताने धरला होता. मी खाल्ला.

हे पुन्हा कामावर गेले. वहिनी दुपारी दारात आल्या. "माझा जोडीदार पळाला. आता तुम्हीच चला."

या वेळी मला दूध आठवलं नाही. जाऊन बटण हातात घेतलं. आधी नुसती हरत होते. पण तो ठिपका आला की दुसरं काही सुचायचं नाही. कोण बघतंय, पदर कुठे आहे, काही नाही. एकदा तर मी "अडवला!" म्हणून ओरडले. सासूबाईंच्या हातातलं सूप हललं. इतका मोठा आवाज माझ्या घशात आहे हे मलाच नवीन होतं. नळावरसुद्धा मी हळूहळू उलट बोलायला लागले.

एका सुट्टीच्या दिवशी वहिनींनी आम्हा नवराबायकोला समोरासमोर बसवलं. मी यांना हरवलं. हे हसले आणि वहिनींकडे बघून म्हणाले, "वहिनी, चांगलं शिकवलंत हिला."

"मला कुणी शिकवलं नाही," मी म्हटलं. "बसा परत. आणि इकडे बघा, माझ्याकडे."

हे माझ्याकडे बघतच राहिले, मग जरा सरकून बसले आणि बटण हातात घेतलं. वहिनींनी टाळी वाजवली. ती टाळी मला तितकीशी आवडली नाही.