बुदेची गाणी होती कुठे

माझ्या आईची थोरली बहीण रुमियाती. थोरल्या मावशीला आम्ही बुदे म्हणतो. सकाळी आमच्या सोलो शहराच्या बाजारात तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकायची आणि संध्याकाळी लग्नांत क्रोंचोंग, म्हणजे आमच्याकडची जुनी गाणी, गायची. गिऱ्हाइकाशी भांडताना आणि गाताना आवाज तोच, खणखणीत. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज कापून काढला. हवा गिळायची आणि ढेकरेसारखी वर आणत बोलायचं, असं इस्पितळात शिकवलं होतं. बुदेनं ते एकदाच केलं, स्वतःचंच ऐकलं आणि तोंड मिटलं. तेव्हापासून टाळ्या. कोंबड्या हाकलायला टाळी, जेवायला बोलवायला टाळी, घासाघीस करणाऱ्याला पिटाळायलाही टाळीच.

उरली होती ती गाणी. बुदेच्या नवऱ्यानं, म्हणजे काकांनी, घरातच रेकॉर्ड केलेली. त्यांनी तीन खोल्यांतले तीन कॉम्प्युटर वायरीनं जोडले होते, त्यामुळे कुठल्याही खोलीत बसा, बुदे गायची. काका वारले. "गाणी तीन ठिकाणी आहेत, काळजी कसली?" असं बुदेचा मुलगा सेनो छाती फुगवून सांगायचा. तिन्हीकडे दिसत होती, एवढंच. होती मात्र पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या म्हाताऱ्या डब्यात. बाकीचे दोन तिथूनच आणून ऐकवायचे. हे आमच्या शहाण्याला कधी कळलं? डबा कटकट वाजायला लागला आणि तिन्ही खोल्यांत गाणं एकाच ओळीवर अडखळलं, तेव्हा.

"आता बंद पडला तर परत उठायचा नाही," सेनो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पेनड्राइव्हची भोकं केव्हाच मेलेली. मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर वायरीतूनच सगळं ओढून घ्यायचं ठरलं. वायरीच्या टोकाची क्लिप तुटलेली, म्हणून मी ते टोक बोटानं दाबून बसले.

"हलू नकोस, वेनिंग."

"श्वास घेऊ का? परवानगी आहे?"

"थोडाच घे."

बुदे पुढच्या खोलीत डब्याजवळ बसली होती. डब्यावर तळहात ठेवून, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. मध्येच थांबे, आणि सेनो देवाचं नाव घेई.

आमच्या गल्लीत प्रत्येक घराला वीज बेताची. भाताचा कुकर आणि पाण्याचा पंप एकत्र लावला की मेन स्विच खाली, हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. इस्त्री, पंखा, टीव्ही, सगळं आम्ही बंद केलं होतं. कुकर मात्र विसरलो. सेनोची बायको लिलिस तो लावूनच बाहेर गेली होती.

पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली असेल, तेवढ्यात फाटक वाजलं. लिलिस घामाघूम होऊन परतली होती. अंघोळीला पाणी हवं म्हणून थेट अंगणातल्या पंपाकडे वळली. कुकर चालूच आहे, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. आम्हाला यातलं काही दिसत नव्हतं. बुदेला खिडकीतून सगळं दिसत होतं.

टाळी ऐकू आली. पुन्हा टाळी, जोरात.

"हो आई, हाकलते कोंबड्या!" लिलिस अंगणातून ओरडली.

आणि मग तो आवाज आला. फाटका, खरखरीत, पोटाच्या तळातून उपसून काढलेला.

"लिलिस! हात... काढ! पंप... नको!"

सेनो माझ्याकडे बघत राहिला. मी वायर इतकी घट्ट दाबली की बोट पांढरं पडलं. अंगणात लिलिस बटणापाशी हात तसाच धरून उभी होती. "कोण... आई, तुम्ही बोललात?" तिनं विचारलं आणि ती रडायलाच लागली.

दिवे गेले नाहीत. पट्टी भरली. शेवटचं गाणं आलं, आणि थोड्याच वेळात म्हातारा डबा आपोआप गप्प झाला.

सेनोला आनंद आवरेना. त्यानं पहिलंच गाणं लावलं, आवाज पूर्ण चढवून. बुदेचा जुना गळा घरभर घुमला. मीही रडले, लाज कसली?

बुदे दारात येऊन उभी राहिली. तिनं थोडं ऐकलं. मग हवा गिळली.

"कमी कर ते," ती म्हणाली. "मी बोलतेय."