बॅटरी गेली नव्हती

ताईचा हात शेवटचा वर आला तो माझ्या शर्टाच्या कॉलरपाशी. ठाण्यातलं हॉस्पिटल, दुपारची भेटायची वेळ. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि कानातली दोन्ही यंत्रं सिस्टरनी काढून डबीत घालून माझ्याकडे दिलेली. मी वाकून बोलत होतो. बरी होशील, घरी नेऊ, असलंच काहीतरी. तिला नुसते ओठ हलताना दिसत असणार. तिने सलाइन लावलेला हात तसाच उचलला आणि माझ्या वरच्या बटणाच्या बाजूला बोटांनी चाचपलं. तिथे काही नव्हतं. बोटं जरा वेळ थांबली... मग हात पुन्हा चादरीवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीला मी दाढी करत होतो तेव्हा फोन आला.

याला आता सहा आठवडे झाले. भेटायला आलेला प्रत्येक जण एकच सांगत होता, भाऊ असावा तर असा, एक रविवार चुकवला नाहीस. मी हात जोडून ऐकून घेतलं. तेव्हा ऐकून घेतलं म्हणूनच आता हे लिहितो आहे.

सुलभाताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझी शाळेची वेणीफणी सोडून बाकी सगळं तिनेच केलं, असं ती स्वतःच हसत सांगायची. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. परगावी फोन लावायचा तर तो ट्रंक कॉल आधी नोंदवून वाट बघत बसावं लागे, तेव्हाची गोष्ट. लाइन जोडली गेली का, आवाज नीट येतोय का, हे बघायला ऑपरेटरला मध्ये कान द्यावाच लागायचा. त्यामुळे टेंभी नाक्याजवळच्या आमच्या चाळीतल्या बायका तिच्याभोवती घोटाळायच्या. कुणाचं काय चाललंय, सुलभा? सुलभा तांदूळ निवडत राहायची. वरच्या मजल्यावरच्या काकांची नोकरी गेल्याचं तिला दोन महिने आधीपासून माहीत होतं. काकू रोज जिन्यात भेटायच्या, ती रोज 'येता का भाजीला' म्हणायची. पुढे कळल्यावर काकूंनी दारात येऊन तिला नाही नाही ते सुनावलं, तुला माहीत होतं आणि माझ्या तोंडाकडे बघून हसत होतीस म्हणून. ताईने सगळं ऐकलं. मी तेव्हा आठवीत असेन. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "कानाला लागलेलं तोंडाला लावायचं नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

साठीच्या आसपास तिचं ऐकू येणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले वय. ती म्हणायची, दुसऱ्यांचं ऐकून ऐकून कोटा संपला. दोन्ही कानांना यंत्रं आली, तरी समोरच्याचं बोलणं पंख्याच्या आवाजात हरवायचं. मग यंत्रांच्याच कंपनीचा एक छोटा माइक घेतला. अंगठ्याएवढा, मागे चिमटा. बोलणाऱ्याने तो कॉलरला लावायचा, म्हणजे त्याचा आवाज हवेतून न येता थेट तिच्या कानातल्या यंत्रात. त्यावर एक दिवा. यंत्रं सापडेपर्यंत नारिंगी लुकलुकणार, सापडली की स्थिर हिरवा.

त्या माइकने आमचे रविवार बदलले. मी आत आलो की चप्पल काढायच्या आत ती स्वतः माझ्या कॉलरला तो लावायची, हिरवा दिवा बघायची आणि मग खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत टेकून एक्स्चेंजमधल्या सुरात म्हणायची, "बोला." मला, चौदा वर्षांनी लहान भावाला, अहो-जाहो. विद्या, माझी बायको, बरोबर असली की म्हणायची, ताई, यांना घरीपण असंच विचारत जा, आमच्याशी बोलतच नाहीत. निघताना ताईच माइक काढून घ्यायची. मी काढलेला तिला चालायचा नाही.

गेल्या वर्षी ती बाथरूममध्ये पडली. हाड वाचलं, पण धीर गेला. एका रविवारी पोह्यांवर खोबरं घालता घालता म्हणाली, "तुमची ती मागची खोली रिकामीच असते ना रे?" एवढंच. मी म्हटलं, बघू.

पुढच्या रविवारी मी तिच्याकडे असताना विद्याचा फोन आला. मी उठून गॅलरीत गेलो, दार ओढून घेतलं. ताई आत मटार सोलत होती. विद्या म्हणत होती, आज विचारूनच टाका त्यांना, खोली मी आवरायला घेतेय. मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण विद्याशिवाय ते आता कुणाकडे नाही.

"डोक्यावर बसेल ती आपल्या. दिवसभर ओरडून ओरडून बोलायचं कोणी? मला घरी आल्यावर शांतता लागते. एखादा बरा आश्रम बघू, तिला काय, कुठेही ठेवलं तरी काय ऐकू येणार आहे."

बहिणीबद्दल. आणि शेवटच्या वाक्याला मी हसलेलोसुद्धा.

दार उघडून आत आलो तेव्हा ताईच्या मांडीवरच्या ताटात मटाराचे दाणे होते आणि तिचे हात थांबलेले होते. तिने माझ्याकडे नेहमीसारखं बघितलं. मग तिची नजर माझ्या कॉलरवर गेली, तिच्यामागोमाग माझीही. हिरवा दिवा. ती उठली, हळूच चिमटा काढला, बटण दाबून दिवा बंद केला आणि म्हणाली, "याची बॅटरी गेली वाटतं. मघापासून काही येतच नाहीये. चहा टाकू?"

मी तो शब्द बुडत्यासारखा धरला. बॅटरी गेली. म्हणजे काही ऐकू आलं नाही. दिवा मी बघितला होता, तरीही. दे, दुरुस्त करून आणतो, म्हटलं आणि माइक खिशात घालून निघालो.

कंपनीच्या माणसाने फोनवरच सांगितलं, तो सीलबंद असतो, उघडत नाही, नवीन घ्या. पण डोंबिवली पूर्वेला जिन्याखालच्या गाळ्यात एक गृहस्थ आहेत, असली कंपनीने टाकून दिलेली बारीकसारीक यंत्रं उघडणारे. त्यांनी गरम हवा देऊन पातळ पट्टीने कड सोडवली. आत नखाएवढी चपटी बॅटरी, दोन तारा. मीटर लावला.

"साहेब, हिला काही झालेलं नाही. आणलीत तेव्हाच निम्म्याहून जास्त भरलेली होती."

मी म्हटलं, मग माइक गेला असेल. त्यांनी तो तात्पुरता जोडून माझ्या शर्टाला लावला, स्वतः कानाला त्यांचं तपासायचं यंत्र लावलं आणि म्हणाले, बाहेर जा, दार लावून घ्या आणि काहीही बोला. मी बाहेर उभा राहिलो. हळूच म्हणालो, ताई, मी बोलतोय. आत आलो तर ते मान न वर करता म्हणाले, "ताई, मी बोलतोय. शब्दन् शब्द आला. दार लावलेलं ना?"

मी स्टुलावर बसलो. त्यांनी पाणी दिलं. ते पिऊन मी म्हणालो, बॅटरी बदला. ते म्हणाले, कशाला, चांगली आहे. मी पुन्हा म्हणालो, बदला. बॅटरी बदलून आणली, हे एक वाक्य तरी मला तिला खरं सांगता यावं म्हणून. त्यांनी नवी डकवली, कड चिकटवली आणि जुनी एका प्लास्टिकच्या पुडीत घालून दिली.

आणि तेही वाक्य मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी माइक माझ्या बॅगेत होता. ती दारात आली, तिचा हात सवयीने वर आला. तो हात आता आपल्या कॉलरपाशी येणार, मग ती खुर्चीत टेकणार आणि 'बोला' म्हणणार... माझ्या तोंडून निघून गेलं, बॅटरी बाहेरून मागवावी लागते म्हणाला, वेळ लागेल. ती म्हणाली, "असू दे. घाई नाही." मग पोहे देताना म्हणाली, "आणि त्या खोलीचं मी उगाच म्हटलं हो. मला इथेच बरं. सगळं सवयीचं आहे."

त्यानंतर आठ महिने. माइक माझ्या कपाटात, सॉक्सच्या खाली. ती खोटं बोलली ते मला वाचवायला, मी खोटं बोललो तेही मलाच वाचवायला. दोघांना दोन्ही माहीत. रविवार मात्र चुकवला नाही. समोर बसायचो, चार वाक्यं मोठ्याने बोलायचो, पाचव्याला कंटाळायचो. तीही मान हलवायची, कळलं नाही तरी. तिने एकदाही विचारलं नाही, बॅटरी आली का. विचारलं असतं तर मी दिला असता, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं नाही ते.

आणखी एक. नातेवाइकांत सगळ्यांना वाटतं की ताईला घरी आणायला विद्या तयार नव्हती. मी तसं कधी म्हणालो नाही. पण वाटू दिलं. हे छापायला देण्याआधी विद्याला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, हॉस्पिटलात तरी का नाही नेलात तो माइक? तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

गेल्या रविवारी ठाण्याला गेलो, एकटाच. घर रिकामं करायचं आहे. ताईच्या ड्रॉवरमध्ये यंत्रांच्या बटणाएवढ्या सेलचं पाकीट होतं, त्यात शेवटचे दोन उरलेले. डबीतली यंत्रं काढली, सेलवरचे कागद सोलले, ती करायची तसे मिनिटभर हवेला ठेवले आणि घातले. दोन्ही यंत्रं वेताच्या खुर्चीत ठेवली. आदल्या रात्री चार्ज करून आणलेला माइक कॉलरला लावला. कोणीतरी दुसऱ्यानेच लावायची सवय, चिमटा दोनदा सुटला. दिवा नारिंगी लुकलुकत राहिला. मी गॅलरीत गेलो, त्याच जागी, दार ओढून घेतलं.

खाली बघितलं तेव्हा दिवा हिरवा होता. स्थिर.

ती 'बोला' म्हटल्याशिवाय मी कधी सुरुवात केलेली नव्हती.

मग तसाच बोललो.