पाच चित्रं आणि लाल ठिपके

औषधं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत मला पहिली नोकरी लागली. माझं काम नेमकं काय, हे मला घरी कुणालाच नीट सांगता आलं नाही. कंपनी समाजासाठी आणि पर्यावरणासाठी बरंच काही करत होती. त्यातलं काय चालू ठेवायचं आणि कशातून हात काढून घ्यायचा, हे ठरवण्याआधी लोकांना विचारायचं, अशी पद्धत होती. विचारायला मला पाठवलं.

शहागडच्या अलीकडचं जे गाव माझ्या वाट्याला आलं, ते माझ्या मावशीचं होतं. ऑफिसात मी हे बोलले नाही. बोलले असते तर तिथं दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं आणि मला अनोळखी गावात जाऊन तोंड उघडावं लागलं असतं. त्या गावात दर गुरुवारी कंपनीची दवाखान्याची गाडी यायची. मावशीला साखरेचा आजार आहे. तिचं इन्सुलिन त्या गाडीतूनच येई. गाडी नसली तर अंबड गाठायचं, आणि त्यात अख्खा दिवस मोडायचा.

समाजमंदिरात दहा-बारा बायका जमल्या. मी भिंतीवर पाच चित्रं चिकटवली: गाडी, झाडं, सौरदिवे, कारखान्याच्या कचऱ्याची विल्हेवाट, मुलींचं शिक्षण. प्रत्येकीच्या हातात चिकटवायचे दहा लाल ठिपके दिले. जे जास्त गरजेचं वाटतं, त्यावर जास्त ठिपके लावा, म्हणून सांगितलं. पाठ केलेलं वाक्य होतं ते, आणि माझ्या तोंडी ते पुस्तकी वाटत होतं.

"ये बाय, जरा आपल्यासारखं बोल की," मागून एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या. माझे कान तापले.

मावशी सर्वांत आधी उठली. तिनं प्रत्येक चित्रावर दोन-दोन ठिपके लावले, अगदी मोजून. तिचं बघून दुसरीनं तसंच केलं, मग तिसरीनं.

"सगळ्यांना बराबर लावा गं," मावशी म्हणाली. "एकालाच दिलं तर बाकीचं बंद करतेत. मागं नळाचं मागितलं, तर बालवाडी गेल्ती की न्हाई?"

"अन् पोरीनं एवढी चित्रं आणली," मावशीची शेजारीण म्हणाली. "एखादं मोकळं ठेवलं तर बरं दिसतंय का?"

मला सगळं समजत होतं. गाडीवाचून यांचं चालत नाही, हे मला जितकं माहीत होतं तितकं कंपनीत कुणालाच नव्हतं. 'मावशी, सगळे गाडीवर लाव,' एवढंच म्हणायचं होतं. पण उत्तर सुचवायचं नाही, असं प्रशिक्षणात बजावलं होतं. शाळेपासून मी नियमांच्या आड लपत आले आहे. नियम असला की बोलावं लागत नाही. मी फोटो काढला. फॉर्मच्या तळाशी 'तुमचे निरीक्षण' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'सहभाग चांगला.'

पुढे कंपनीच्या ऑनलाइन बैठकीत स्क्रीनवर एक आलेख आला. वरच्या बाजूला लोकांना महत्त्वाचं वाटणारं, उजवीकडे कंपनीला महत्त्वाचं वाटणारं. जे वर आणि उजवीकडे, ते राहणार. गावात पाचही गोष्टी सारख्याच उंचीवर आल्या होत्या, त्यामुळे निवड कंपनीच्या पसंतीवर गेली. कचरा आणि सौरदिवे उजव्या कोपऱ्यात बसले. गाडी डावीकडे राहिली.

मी माइक सुरू केला. इंग्रजीत बोलायला मी कधी घाबरत नाही, पण त्या दिवशी एक वाक्य धड होईना. सारखे ठिपके म्हणजे सारखी गरज नव्हे, एवढं कसंबसं म्हटलं.

"हे तुमच्या निरीक्षणात का नाही?" आमच्या विभागाच्या सरांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता त्यांनी. मी माइक बंद केला आणि ते पुढच्या गावाकडे वळले. त्यानंतर मी तीन मेल पाठवले. तिसऱ्याला उत्तर आलं की निर्णय झाला आहे, पुढच्या फेरीत जरूर विचार करू.

गाडी बंद होण्याची चिठ्ठी गावात पोचायच्या आधी मी गेले. मावशी ओसरीवर शेंगा फोडत होती. मी उभ्यानंच सांगितलं.

"मंग या गुरुवारपासून येणारच न्हाई?"

"नाही."

"आम्ही तर गाडीलाबी दोन लावले होते."

मी तिला आलेख समजावू लागले.

"तू तिथंच उभी होतीस ना?" ती म्हणाली. "मला जरा कोपरानं ढोसायचं. तेवढ्यानंबी मला समजलं असतं."

घरात किती इन्सुलिन उरलंय, हे विचारायला मी आले होते. विचारवलं नाही. तेवढ्यात शेजारीण फाटकाशी आली. मला बघून हसली आणि म्हणाली, "काय म्हणती तुझी कंपनी? गुरुवारी गाडी जल्दी पाठव म्हणावं, पाय लई सुजले."

मी मावशीकडे बघितलं. तिनं शेंगांवरची नजर काढली नाही.

"गाडी बिघडलीय म्हणं," ती म्हणाली. "दुरुस्त व्हायला टाइम लागणार हाय."

शेजारीण माझ्याकडे बघत थांबली. मी होकारार्थी मान हलवली.