तनूने सर व्हायचं ठरवलं तेव्हा...

गेल्या मंगळवारी सकाळी कल्याणजवळच्या मानपाड्याच्या एका बालवाडीत माझी नक्कल झाली. नक्कल करणारी चार वर्षांची, आणि मी समोरच खुर्चीत बसलेलो...

आधी मी तिथे कसा, ते सांगतो. कल्याणच्या एका शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं, निवृत्त होऊनही बारा वर्षं झाली. ही गेली त्याला आता दोन वर्षं होतील. मुलगा ठाण्याला घोडबंदर रोडला असतो... तसं लांब नाही, पण येणं जमतंच असं नाही.

कविता मोठ्याने म्हणायची सवय मात्र सुटली नाही. जुनी पाठ्यपुस्तकं अजून जपून ठेवली आहेत, चाली सगळ्या पाठ आहेत. पण घरात ऐकायला कोणी नसलं की दुसऱ्या कडव्यापाशी आवाज आपोआप खाली येतो...

म्हणून बालवाडी चालवणाऱ्या वृषालीताईंना मीच जाऊन विचारलं, आठवड्यातून एकदा येऊन मुलांना कविता म्हणून दाखवू का? "या की सर," त्या म्हणाल्या, "महिनाभर येऊन बघा. मुलं रमली तर पुढचं ठरवू." खोटं कशाला बोलू, त्या महिन्याची मला पहिल्या नोकरीसारखी धास्ती होती. इथूनही 'नको' आलं असतं तर मंगळवारही इतर वारांसारखाच झाला असता.

त्यांच्याकडे बाकं नाहीत, गिरवायच्या वह्या नाहीत. एका कोपऱ्यात ठोकळे, दुसरीकडे माती, खिडकीखाली भातुकली. वेदांत नावाचा एक मुलगा तर अर्धा अर्धा तास या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओतत बसतो.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "हा शिकतो कधी?" ताई हसल्या. "शिकतोच आहे की. न सांडता ओतायला लागला, की हात पेन्सिललाही तयार होईल. घाई तुम्हाला आहे सर, त्याला नाही."

मला काही ते पटलं नाही. मी आपलं माझ्या पद्धतीने सगळ्यांना ओळीत बसवलं. हाताची घडी, तोंडावर बोट... आणि तीन मंगळवार मनसोक्त कविता म्हटल्या. मुलं गप्प होती. मला वाटलं, रमली.

चौथ्या मंगळवारी ताई म्हणाल्या, "आज कविता राहू दे. मुलं खेळतायत, तुम्ही नुसते बघा. त्यांच्या आत काय गेलंय ते खेळातच बाहेर येतं." मी खुर्ची भिंतीला लावून बसलो. वाटत होतं, एखादी तरी ओळ ऐकू येईल... चुकीची का होईना.

तेवढ्यात तनूने जाहीर केलं, "मी सर!" एक हात पाठीमागे, मान जराशी वाकडी, आणि बोलायच्या आधी दोनदा खोकून घेतलं. दारातून बालवाडीतल्या मदतनीस मावशी ओरडल्या, "अगं बाई, खोकला बघा सरांचा, डिट्टो!" मीही हसलो.

"घडी! बोट! ए वेदांत, बोट!" चार-पाच जण निमूट बसले. आता कविता येणार म्हणून मी कान टवकारले...

कविता आलीच नाही. तनूने सगळ्यांकडे पाहिलं, पण सगळ्यांच्या तोंडावर बोटं, बोलणार कोणाशी? मग तिने एक छोटी खुर्ची ओढली, भिंतीला लावली आणि मांडीवर हात ठेवून खिडकीकडे बघत बसली.

मिनिटभरात बाकीची मुलं कंटाळून उठली. भातुकलीजवळून वेदांतने हाक मारली, "तनू, चल ना, भात झाला." ती जागची हलली नाही. म्हणाली, "मी नाही येणार. मी सर आहे. सर एकटे बसतात."

मावशींचं हसू थांबलं. ताई उगाचच मण्यांचा डबा आवरायला लागल्या...

शाळेत मुलांनी मला ठेवलेली नावं मला माहीत होती. त्यांचं कधी वाईट वाटलं नाही. पण यात खोडी नव्हती... पोरीने जे पाहिलं होतं तेच केलं होतं.

पिशवी उचलून निघावं असंही वाटून गेलं. मग काय सुचलं कोण जाणे, गुडघ्यांवर हात टेकत टेकत मी भातुकलीपाशी जमिनीवर बसलो. म्हटलं, "आम्हाला मिळेल का भात?"

"तू बाळ हो," वेदांतने ठरवून टाकलं आणि राजम्याचे दाणे वाढले. मी म्हटलं, "मीठ कमी आहे." "बाळ असं नाही बोलत!" लगेच दम मिळाला.

मग मी भिंतीकडे वळून हाक मारली, "अहो सर... या ना जेवायला." तनूने क्षणभर विचार केला. खोकली. आणि पाठीमागे हात घेऊन आली, माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

त्या दिवशी एकही कविता झाली नाही. उठताना मावशी आणि चार पोरांनी मिळून मला ओढून उभं केलं. निघताना ताई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी साधे कपडे घालून या, माती लागते."

घरी आलो, कुलूप काढलं. चौतीस वर्षं वर्गात 'शांतता, शांतता' म्हणून ओरडत होतो... ती सगळी आता माझ्या घरात आहे.

शेजारच्या वहिनी वर्षभर म्हणतायत, "काका, एकदा आमच्याकडे जेवायला या." आणि मी दर वेळी दारातूनच सांगतो, "नको, झालंय माझं." तनू मात्र माझ्या एका हाकेत उठून आली होती... पोरी, तुझे आभार. आज मीच त्यांची बेल वाजवली.