याव्होरची लाल टोपी

गाडी थांबो न थांबो, याव्होरच्या फलाटावर क्वेताबाई लाल टोपी घालून उभी राहणार म्हणजे राहणार. बाई तिथली स्टेशनमास्तर, आणि आमच्याकडे स्टेशनमास्तरची रीतच ती. हिरव्या कडेची पांढरी थाळी त्यानं उंचावल्याशिवाय थांबलेली गाडी हलत नाही. बाईचा नवरा व्रातिया मालगाडीचा ड्रायव्हर. वळणावर तो दोन आखूड आणि एक लांब शिट्टी मारायचा, म्हणजे सूप चुलीवर ठेव. स्टेशनच्या माडीवरच त्यांचं बिऱ्हाड.

एका धुक्याच्या संध्याकाळी त्या वळणाअलीकडे व्रातियाचं हृदय इंजिनातच बंद पडलं. गाडी थांबली, तो घरी पोचलाच नाही.

पुढचं धुकं पडलं आणि शिट्टी पुन्हा आली. रूळ गुणगुणले, वाऱ्यानं बाईचा कोट उडाला, त्याच्या तंबाखूचा वास आला, पण गाडी काही दिसली नाही. क्वेताबाईनं टोपी घातली आणि सिग्नल दिला. मग दर धुक्याला ती देतच राहिली. गावानं बाईला वेडी ठरवलं, तिनं ते मनावर घेतलं नाही.

मग आमच्यासकट कित्येक देशांच्या रेल्वेला लागू होणारा ब्रसेल्सचा कायदा आला. भाऊबंदांच्या वाटणीसारखे रूळ एकाकडे आणि गाड्या दुसऱ्याकडे गेल्या. ज्याच्याकडे परवाना त्याला रूळ मोकळे, झुकतं माप कोणालाच नाही. खोटं कशाला बोला, तिकिटं स्वस्त झाली. पण एका धुक्यात बाईनं खासगी कंपनीची पिवळी गाडी अडवून आधी व्रातियाला वाट दिली आणि तक्रार झाली. रूळ सांभाळणाऱ्यांकडून हव्लिन नावाचे इंजिनिअर चौकशीला आले.

"जुन्या सरकारी गाडीसाठी पिवळीला अडवलंत म्हणे?"

"सरकारी कसली, साहेब! ती कोणाचीच नाही."

"मग परवाना? वेळापत्रकातली जागा?"

"मेलेल्या माणसाला परवाना कुठं मिळतो ते सांगा. रांगेत उभी राहते मी."

हव्लिन हसू लागले आणि तेवढ्यात वळणावरून शिट्टी आली. त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. पाय आपोआप फलाटाच्या कडेपासून मागे सरले. समोरून काहीतरी लांबलचक, जड, धडधडत गेलं आणि रूळ रिकामेच होते.

"मी काही ऐकलं नाही, बाई," ते पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाले. "तसंही आता इथले सिग्नल दूरच्या केंद्रातून चालणार आहेत. बिऱ्हाड राहू दे तुमचं."

"मग त्याला वाट कोण देणार?"

हव्लिन निघून गेले.

बाईचं काम गेलं. टोपी, थाळी आणि फलाटाच्या भिंतीवरचा फोन तेवढा उरला. पुढच्या धुक्यात शिट्टी आली तेव्हा सिग्नल लाल होता. यंत्राला व्रातिया काय माहीत! ब्रेक किंचाळले, आणि इतकी वर्षं न थांबता जाणारं ते माडीखाली येऊन थांबलं.

क्वेताबाई धावत उतरली. फलाट रिकामा होता, पण समोर कोणीतरी धापा टाकत होतं. तो घरापुढे थांबला होता! आपण थाळी उंचावली नाही तर तो जाणार नाही, हे तिला कळलं आणि तिचा जीव सुपाएवढा झाला.

फोन खणखणला. "बाई, केंद्रातून बोलतोय. तुमच्याकडे रूळ अडलेला दिसतोय. मागं पिवळी खोळंबलीय, तिच्यामागं शाळेच्या पोरांची गाडी. कोणाची गाडी आहे तिथं?"

बाईनं फोन कानाला धरूनच धुक्याकडे पाहिलं.

"बाई?"

"आमच्या घरची आहे," ती म्हणाली. "सोडते."

तिनं टोपी नीट केली. "सूप तयार आहे रे," ती धुक्याला म्हणाली, "पण पोरं खोळंबलीत. जा तू." आणि तिनं थाळी उंचावली.

या वेळी शिट्टी स्टेशनच्या पलीकडून आली आणि लांब लांब जात राहिली.

त्यानंतरच्या धुक्यात ती पुन्हा फलाटावर उभी राहिली. पिवळी गाडी वेळेवर आली आणि गेली. बाकी काही आलं नाही. अंधार पडल्यावर ती माडीवर गेली आणि तिनं दोघांपुरतं सूप चुलीवर ठेवलं.